सरकार ‘टाळा’ म्हणतंय, कंपनी ‘जा’ म्हणतेय : बसऱ्याला निघालेल्या भावासाठी

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, माझी काही समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. तुमचा धाकटा भाऊ, वय २७, इन्स्ट्रुमेंटेशनवाला, भोसरीतल्या कंपनीत आहे आणि त्याला ४ महिने इराकमध्ये बसऱ्याला कमिशनिंगसाठी (म्हणजे बसवलेली यंत्रणा तपासून चालू करून द्यायला) पाठवतायत, साईट अलाउन्स चांगला आहे, त्याला स्वतःला जायचंय. पण दूतावासाच्या पानावर ‘अनावश्यक प्रवास टाळावा’ असं वाचल्यापासून तुमच्या बाबांची झोप उडालीये आणि ते विचारतायत की सरकार नको म्हणत असताना जाणं बेकायदा आहे का. एचआर म्हणते ‘बसरा सेफ आहे हो, गडबड सगळी बगदादच्या वर.’ आणि आईला तुम्ही अजून ‘दुबईला चाललाय’ एवढंच सांगितलंय.

मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कंपन्यांमध्ये २२ वर्षं प्रोजेक्टला काढली, त्यातली शेवटची १२ वर्षं बाहेरच्या साईटवर माणसं पाठवणं आणि ती नीट घरी आणणं हेच काम होतं. इराक, सुदान, लिबिया, येमेन, नायजेरिया. त्यामुळे पुस्तकातलं नाही, केलेलं सांगतोय. आज बसऱ्यात काय चाललंय ते मात्र मी लिहीत नाही, कारण तुम्ही हे वाचेपर्यंत ते बदललेलं असेल. सल्ला वाचायचा कसा आणि वाचल्यावर घरात बसून ठरवायचं काय, एवढंच सांगतो.

बाबांचं आधी. परराष्ट्र मंत्रालयाचा किंवा दूतावासाचा सल्ला हा सल्लाच असतो, कायदा नाही, तो मोडला म्हणून कोणी अटक करत नाही. अपवाद आहेत. येमेनला २०१७ पासून केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय भारतीय पासपोर्टवर जाता येत नाही, तिथे प्रश्न सल्ल्याचा नसून पासपोर्टच्या कायद्याचा आहे. दुसरं म्हणजे ज्यांचं शिक्षण दहावीच्या आत आहे त्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी हवी’ असा शेरा, असतो आणि इराक, सुदान, लिबिया, लेबनॉन, सौदी, कुवेत धरून १८ देशांत नोकरीला जायचं तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून तो क्लिअरन्स घ्यावा लागतो. तुमचा भाऊ इंजिनियर, त्याला ते लागणार नाही. पण त्याच्याबरोबर जाणारे फिटर, वेल्डर असतील आणि कंपनी त्यांना व्हिजिट व्हिसावर ‘अॅडजस्ट’ करून नेत असेल तर भावाला म्हणावं लगेच सावध हो, जी कंपनी फिटरच्या कागदात शॉर्टकट मारते ती तुझ्या सुरक्षेतही मारणार.

आता मुख्य मुद्दा. लोक सल्ला वाचतात तो ‘जाऊ की नको’ याचं उत्तर शोधायला, आणि तिथेच चुकतात. सल्ल्यातलं खरं कामाचं वाक्य असतं ‘निघायचं कधी’ हे. आणि ते वाक्य तिथे गेल्यावर कळून उपयोग नाही, ते इथे पुण्यात, डोकं थंड असताना, कागदावर लिहून ठेवायचं.

युक्रेनचं उदाहरण घ्या. आपल्याकडची किती मुलं तिकडे एमबीबीएसला होती, पुण्यातल्या पालकांना ते दिवस आठवत असतील. १५ फेब्रुवारी २०२२ ला किव्हच्या भारतीय दूतावासाने काय म्हटलं होतं, तर ज्यांचं राहणं आवश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं देश सोडण्याचा विचार करावा. ‘विचार करावा.’ पाच दिवसांनी, २० तारखेला, भाषा बदलली, मिळेल त्या विमानाने तात्पुरतं निघा असं थेट आलं. २४ ला पहाटे हल्ला झाला, आकाश बंद झालं, मुलांना आणायला दिल्लीहून निघालेलं विमान अर्ध्यातून परत फिरलं. १५ ते २४, म्हणजे फक्त ९ दिवस! त्या ९ दिवसांत मुलं काय म्हणत होती, तर कॉलेज ऑनलाईन लेक्चर देत नाहीये, अटेंडन्स जाईल, तिकीट महाग झालंय. या अडचणी खोट्या नव्हत्या आणि मी त्या मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना अजिबात दोष देत नाही, दोष द्यायचाच तर भाषेला द्या. सरकारी भाषा मऊ असते, तिला मऊच राहावं लागतं, कारण दूतावास त्या देशाचा पाहुणा असतो, तो उठून ‘इथे उद्या युद्ध होणार’ असं म्हणू शकत नाही. म्हणून ‘विचार करावा’ हे शब्द आले की घरच्यांनी त्याचा अर्थ ‘बॅग भरा’ असा घ्यायचा.

२ मार्चला खारकीवमधल्या मुलांना जो संदेश आला तो आठवून माझ्या अंगावर आजही काटा येतो. संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, वाहन मिळत नसेल तर चालत निघा, आणि पुढे तीन गावांची नावं, पेसोचिन, बाबाये, बेझ्लुदोव्का, ११ ते १६ किलोमीटर. उणे तापमानात, वर तोफा चालू. आदल्याच दिवशी कर्नाटकातला एक विद्यार्थी तिथे गोळाबारीत गेला होता. सल्ला जितका उशिरा पाळाल तितका तो कडक होत जातो, १५ तारखेचा सल्ला विमानाने पाळता येत होता, २ मार्चचा पायी पाळावा लागला.

म्हणून मी काय करायचो, तर प्रत्येक सल्ल्याची प्रत तारीख टाकून फाईलला लावायचो आणि नवीन आला की जुना शेजारी ठेवून फक्त क्रियापदं बघायचो. ‘काळजी घ्यावी’, मग ‘अत्यंत सावध राहावं’, मग ‘अनावश्यक प्रवास टाळावा’, मग ‘दूतावासाच्या संपर्कात राहावं, नोंदणी करावी’, मग ‘उपलब्ध साधनांनी बाहेर पडावं’. आपल्याकडे अमेरिकेसारखे लेव्हल १ ते ४ असे आकडे नाहीत, त्यामुळे ही शिडी आपणच ओळखायची. अमेरिकेने इराकला वर्षानुवर्षं लेव्हल ४ म्हणजे ‘जाऊच नका’ मध्ये ठेवलंय, ते वाचून घाबरून जाऊ नका. ते अमेरिकन पासपोर्टवाल्यासाठी लिहिलेलं असतं आणि अमेरिकन माणसाला तिथे असलेला धोका आपल्या माणसापेक्षा वेगळा असतो. पण ब्रिटनच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या पानांवर प्रांताप्रांताचं, रस्त्यांचं, सीमांचं तपशिलात दिलेलं असतं, ब्रिटनचा तर रंगीत नकाशा असतो, तो जरूर बघा.

बाकीच्या देशांचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. ते स्वतःची माणसं कधी हलवतात ते बघायचं. १२ फेब्रुवारी २०२२ ला अमेरिकेने किव्हच्या दूतावासातले बहुतेक कर्मचारी काढायला सांगितले, बारा दिवसांत युद्ध. आणि हे तर तुमच्या भावाच्या इराकचंच आहे : ११ जून २०२५ ला अमेरिकेने बगदादच्या दूतावासातले अत्यावश्यक नसलेले लोक काढले, कुवेत आणि बहरीनमधल्या कुटुंबांनाही निघायची मुभा दिली, आणि १३ जूनला पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला केला. दोन दिवस मिळाले. कुठल्याही दूतावासाने कर्मचाऱ्यांची बायका-मुलं हलवायला सुरुवात केली की मी माझ्या माणसांची तिकीटं त्याच संध्याकाळी बुक करायला लावायचो. तीनदा उगाच बुक केली, काही झालं नाही, पैसे गेले. फायनान्सवाल्यांनी दर वेळी मीटिंगमध्ये विचारलं, मी दर वेळी सांगितलं की पुढच्या वेळीही हेच करणार.

आता ‘बसरा सेफ आहे’ या वाक्याकडे येऊ. रोजच्या जगण्यापुरतं एचआरचं पूर्ण चुकत नाही, आयसिसच्या काळातसुद्धा लढाई मोसुल, तिक्रित, अन्बार भागात होती, दक्षिणेत तेलाचं काम चालूच होतं. पण धोका म्हणजे फक्त तुमच्या गल्लीत गोळी चालणं नव्हे. घरी नकाशा काढा आणि डायनिंग टेबलवर पसरा, मोबाईलवर नको, मोठा कागदाचा. बसऱ्याला बोट ठेवा. पूर्वेला शत्त अल अरब नदी ओलांडली की थोड्याच अंतरावर इराण. दक्षिणेला सफवानची चौकी, ५०-६० किलोमीटरवर, पलीकडे कुवेत. बगदाद रस्त्याने साधारण साडेपाचशे किलोमीटर. आपला दूतावास बगदादला, कॉन्सुलेट त्याहून वर एर्बिलला. म्हणजे अडचण आली तर तुमच्या भावापर्यंत पोचायला आपल्या माणसांना आख्खा देश ओलांडून यावं लागणार, आणि तेही रस्ते चालू असतील तर. १३ जून २०२५ ला काय झालं? इराकच्या जमिनीवर लढाई नव्हती, तरी इराकने आपलं आकाश बंद केलं, जॉर्डननेही केलं. २३ जूनला इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं टाकली तेव्हा कतारचंही आकाश काही तास बंद, म्हणजे दोहावरून जाणारेही लटकले. बसरा अगदी शांत असेल, जेवण मिळत असेल, एसी चालू असेल, आणि तरी घरी यायचा रस्ता नसेल. याला आम्ही अडकणं म्हणतो, आणि साईटवरची माणसं सगळ्यात जास्त वेळा याच प्रकारात सापडतात.

म्हणून कंपनीला पहिला प्रश्न हा विचारायचा की विमान बंद झालं तर दुसरा रस्ता कोणता. ‘कुवेतवरून काढू’ असं उत्तर येईल. ठीक आहे, मग भावाच्या पासपोर्टवर कुवेतचा व्हिसा आहे का? सफवानला पोचवणारी गाडी कोणाची? ड्रायव्हरचं नाव काय, त्याला रात्री अकराला फोन लागतो का? ही उत्तरं नसतील तर तो प्लॅन नाही, ती इच्छा आहे.

पासपोर्टवरून सुदानचं सांगतो, हे मी कधीच विसरणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये आमची दोन माणसं खार्टूममध्ये होती, नदीपलीकडे बहरी भागात, एका कारखान्यात मशीन बसवायला. १५ तारखेला शनिवारी सकाळी लढाई सुरू झाली, रमजान चालू होता. त्या क्षणी दोघांचेही पासपोर्ट तिथल्या एजंटच्या ऑफिसात होते, रेसिडेन्सीच्या शिक्क्यासाठी, आणि ते ऑफिस ऐन शहरात, जिथे सगळ्यात जास्त गोळीबार. एजंट स्वतः पळून गेलेला, त्याला तरी काय बोलणार, त्याचीही पोरं होती. चूक माझी होती. आठ दिवस पासपोर्ट बाहेर राहतोय हे मला मेलवर कळलेलं होतं आणि मी ‘ठीक आहे’ म्हणून उत्तर दिलं होतं.

पुढचे नऊ-दहा दिवस ते दोघं गेस्टहाऊसच्या मधल्या पॅसेजमध्ये गाद्या टाकून राहिले. वीज गेली, मग पाणी गेलं. त्यातला थोरला आपला सोलापूरकडचा, दुष्काळ बघितलेला माणूस, त्याने पहिल्या तासातच नळाला पाणी होतं तोवर बादल्या, पातेली, कचऱ्याचा नवा डबा, मिळेल ते भरून ठेवलं आणि झाकलं. त्या पाण्यावर सहा दिवस निघाले. दूतावासाचा संदेश पहिल्या दिवसापासून होता की बाहेर पडू नका, घरातच राहा. धाकटा सारखा म्हणायचा, पासपोर्ट घेऊन येतो, चार किलोमीटर तर आहे. मी फोनवर अक्षरशः शपथा घातल्या त्याला. त्याच पहिल्या एक-दोन दिवसांत खार्टूममध्ये एका भारतीयाचा भटकी गोळी लागून जीव गेला होता. शेवटी बसची सोय झाली, पोर्ट सुदानपर्यंत आठशेच्या वर किलोमीटर, मधे चेकपोस्टवर चेकपोस्ट, तिथे आपल्या दूतावासाच्या लोकांनी इमर्जन्सी सर्टिफिकेट (पासपोर्ट नसताना भारतात परतायला चालणारा कागद) करून दिलं, नौदलाच्या जहाजाने जेद्दा, आणि तिथून विमानाने घरी. ऑपरेशन कावेरीत अशी ३,८६२ माणसं निघाली. ज्यांनी ते केलं त्यांच्यापुढे मी आयुष्यभर वाकेन.

पण लक्षात घ्या, बाहेर काढणं हा सरकारचा शेवटचा उपाय असतो, तो तुमचा पहिला प्लॅन असू शकत नाही. २०१५ ला येमेनमधून ४,६०० च्या वर भारतीय काढले, २०२५ च्या जूनमध्ये इराण-इस्रायलमधून ऑपरेशन सिंधूत ४,४०० च्या वर, त्यातली पहिली ११० मुलं तर रस्त्याने आर्मेनियात नेऊन तिथून विमानात बसवली. या सगळ्यातून लोकांचा असा समज होतो की काहीही झालं तरी विमान येईल. २०१४ च्या जूनमध्ये मोसुल पडलं तेव्हा तिथले ४० भारतीय कामगार पकडले गेले, एक सुटला, बाकीच्या ३९ जणांचा मृत्यू झाला होता हे घरच्यांना २०१८ च्या मार्चमध्ये संसदेत सांगितल्यावर कळलं. जवळजवळ चार वर्षं. इराकला जाऊच नका असा सल्ला निघाला तो मोसुल पडल्यानंतर. त्यात कोणाला नावं ठेवायची नाहीत मला, पण सल्ला कधीकधी घटनेच्या मागून येतो, आणि म्हणून आपला स्वतःचा निघण्याचा आकडा आपल्याकडे असायलाच हवा.

तो आकडा असा ठरवा. भावाने आणि त्याच्या मॅनेजरने जाण्याआधी मेलवर लिहून घ्यायचं : भारतीय दूतावासाने निघण्याचा ‘विचार करा’ म्हटलं तर ४८ तासांत पहिल्या विमानाने, साईट कुठल्याही टप्प्यावर असो. दुसऱ्या कुठल्याही मोठ्या देशाने बसरा किंवा बगदादमधून कर्मचाऱ्यांची कुटुंबं हलवली तर तिकीट बुक आणि २४ तासांत निर्णय. आखाती एअरलाईन्सनी बसऱ्याची विमानं कमी केली तर तेच. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, निघण्याचा निर्णय भाऊ स्वतः घेऊ शकेल आणि त्यासाठी त्याचा पगार, अलाउन्स किंवा अप्रेझल कापलं जाणार नाही. हे शेवटचं वाक्य लिहायला कंपनी कांकू करते. करू द्या, तुम्ही आग्रह धरा. लढाईच्या गावात अडकलेली किती माणसं मी पाहिलीत जी फक्त ‘साहेब चिडतील’ म्हणून दोन दिवस थांबली.

इन्शुरन्सचं लवकर उरकतो पण सोडू नका. नेहमीच्या ट्रॅव्हल पॉलिसीत युद्ध, आक्रमण, यादवी यांतून झालेलं नुकसान बहुतेक वेळा वगळलेलं असतं, कंपनीच्या ग्रुप अॅक्सिडेंट पॉलिसीतही तेच सापडेल. काही पॉलिसी तर सरकारने जाऊ नका म्हटलेल्या ठिकाणी गेलात तर क्लेमच देत नाहीत. ‘इन्शुरन्स आहे’ हे उत्तर घेऊ नका, एक्स्क्लुजनचं पान मागा आणि वॉर रिस्क, म्हणजे युद्धाच्या धोक्याचा विमा, वेगळी घेतलीये का, जखमी माणसाला विमानाने हलवायचा खर्च त्यात आहे का, ही दोन वाक्यं पेनाने अधोरेखित करून दाखवायला सांगा.

आता भावासाठी, जरा जवळून.

पासपोर्ट एजंटकडे द्यावाच लागला तर किती तारखेला परत, हे लेखी, आणि त्या काळात रंगीत प्रती दोन, एक खिशात, एक तुमच्याकडे मेलवर. दूतावासाच्या पानावर पोचल्या दिवशी नोंदणी, परदेशात अडचणीत आलेल्या भारतीयांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे, त्यावरही खातं उघडून ठेवा, अडचण आल्यावर उघडायला बसू नका. रोख डॉलर न्या, नवे कोरे, लहान नोटांत, फाटका किंवा शिक्का मारलेला डॉलर तिथे कोणी घेत नाही. रोख परकीय चलनाची नेहमीची मर्यादा फेरीला ३,००० डॉलरची असते, इराक आणि लिबियासाठी रिझर्व्ह बँकेने ती ५,००० ठेवलीये, तरी निघण्याआधी बँकेत एकदा विचारून घ्या. यातले पाचशे वेगळे, बुटात किंवा बेल्टमध्ये, ते खर्चायचे नाहीत. सॅटेलाईट फोन घ्यायचा मोह होईल. तिथे कंपनीचा असेल तर वापरावा, पण येताना बॅगेत घालून भारतात आणू नये, परवान्याशिवाय इथे तो गुन्हा आहे आणि लोक विमानतळावर अडकलेत.

एक छोटी पिशवी कायम दाराशी. पाण्याच्या दोन बाटल्या, आठ दिवसांची औषधं, टॉर्च, पॉवरबँक, चार्जर, भडंग-शेंगदाण्यासारखं न शिजवता खाता येणारं, एक जाड कपडा, आणि नंबर लिहिलेला कागद. कागद यासाठी की फोनची बॅटरी गेली की आजकाल कोणालाच बायकोचासुद्धा नंबर पाठ नसतो. ब्लड ग्रुप पासपोर्टच्या कव्हरात लिहून.

बसऱ्याची एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. १९८० ते ८८ चं इराण-इराक युद्ध, मग १९९१, मग २००३, या सगळ्याचे सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब त्या प्रांतात आजही जमिनीत आहेत, जगातल्या सगळ्यात वाईट भागांपैकी तो एक आहे. त्यामुळे डांबरी रस्ता सोडून उतरायचं नाही. गाडी थांबवून लघवीला चार पावलं वाळूत जाणं ही आपली सवय, ती तिथे पूर्ण बंद. रस्त्याच्या कडेलाच, लाज वाटली तरी. हे मी प्रत्येक पोराला निघायच्या आधी तोंडावर सांगायचो आणि त्याच्याकडून परत वदवून घ्यायचो.

सायरन किंवा स्फोट झाला तर खिडकीकडे जायचं नाही, व्हिडिओ तर नाहीच. बाहेर आणि तुमच्यामध्ये दोन भिंती यायला हव्यात, पहिली मार खाते, दुसरी काचा आणि तुकडे अडवते, म्हणून बाथरूम किंवा मधला पॅसेज बरा. पोचल्या रात्रीच ती जागा शोधून ठेवायची, अंधारात तिथपर्यंत एकदा चालून बघायचं. चेकपोस्टचे, लष्कराचे, तेलाच्या टाक्यांचे फोटो काढायचे नाहीत, लष्करी छापाची पँट इथेच ठेवून जायची, इन्स्टावर लोकेशन टाकायचं नाही. आणि अपहरणाची शक्यता कमी असली तरी आम्ही एक करायचो : बंद पाकिटात दोन-तीन प्रश्न आणि उत्तरं, जी फक्त त्यालाच माहीत, लहानपणीच्या कुत्र्याचं नाव वगैरे. कोणी फोन करून ‘तुमचा माणूस आमच्याकडे आहे’ म्हटलं तर तो खरंच जिवंत आहे का, हे त्यावरून विचारता येतं. ऐकायला कठीण आहे, पण पाकीट करून ठेवा.

‘आत राहा’ आणि ‘निघा’ यांच्यात गोंधळ होतो, तो होऊ नये म्हणून लिहितो. लढाई तुमच्या रस्त्यावर चालू असेल तर आत राहणं हाच सल्ला बरोबर, खार्टूममध्ये तेच झालं. लढाई अजून सुरू नाही आणि विमानं चालू आहेत तर निघणं बरोबर. आणि लढाई सुरू आहे पण दूतावासाने वेळ आणि रस्ता दिलाय, तर त्याच वेळी, त्याच रस्त्याने, मित्राच्या मित्राने सांगितलेल्या टॅक्सीने नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘दूतावासाच्या’ पत्रांत खोटी भरपूर असतात, दूतावासाच्या स्वतःच्या पानावर किंवा हँडलवर दिसलं नाही तर ते पत्र नाही.

पुण्यातून इराकला जाणारे फक्त इंजिनियर नाहीत, करबला-नजफला जाणारी कुटुंबंही आहेत, म्हातारी माणसं घेऊन जातात. त्यांच्यासाठी एवढंच की ग्रुपवाल्याला विचारा, परतीचं तिकीट बदलता येणारं आहे का आणि म्हाताऱ्यांची औषधं दहा दिवस जास्तीची घेतलीत का. आणि ज्या मुलांना एजंट ‘थायलंडमध्ये डेटा एंट्री’ म्हणून नेतात आणि तिथून सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाड्डीतल्या ऑनलाईन फसवणुकीच्या अड्ड्यांत ढकलतात, त्यांचा विषय पूर्ण वेगळा आहे. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ जणांना आणावं लागलं. टुरिस्ट व्हिसावर नोकरी सांगितली की तिथेच नाही म्हणा.

मग भावाने जावं का? ताई, माझं मत विचारलंत तर : कंपनीने वरचा मेल लिहून दिला, दुसरा रस्ता कागदावर आणि व्हिसासकट दाखवला आणि वॉर रिस्कचं पान दाखवलं तर, निघायच्या दिवशी सल्ला ‘अनावश्यक प्रवास टाळा’ याच पायरीवर असेल तर, जाऊ दे त्याला. काम आवश्यक आहे, पोरगा हुशार आहे, भीतीपोटी घरी बसवलात तर ते त्याच्या मनात राहील. यातलं एक जरी नसेल तर नको, अलाउन्स कितीही असो. आणि सल्ला त्याच्या वरच्या पायरीला गेला असेल तर कंपनीने सगळं दिलं तरी नको.

राहिलं आईचं. दुबई म्हणून सांगू नका. बातमी आली की टीव्हीवर ‘बसरा’ दिसणार, भावाचा फोन दोन तास लागणार नाही, आणि आई शेजारी विचारणार की दुबईत काय झालं. तुम्ही त्या वेळी ऑफिसात असाल, बाबा बँकेत असतील, घरातला फोन आईच उचलणार आहे. कंपनीचा फोन आला, दूतावासाचा आला, तर ‘कुठल्या साईटवर आहे, पासपोर्ट नंबर काय’ हे तिला सांगता यायला हवं. आमच्या सुदानवाल्या धाकट्याची आई आठवी शिकलेली, हडपसरला राहते. तिने फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावरून त्याचा पासपोर्ट नंबर मला फोनवर एकेक अंक करून वाचून दाखवला होता, तोच मी पोर्ट सुदानला पाठवला आणि त्याचं सर्टिफिकेट झालं.

आज रात्री जेवणं झाली की आईला सांगा, नकाशा समोर ठेवून, भावालाच सांगू द्या. कंपनीला मेल उद्या सकाळी.